मापात पाप कोठून शिरते?



दुकानात जाऊन आपण म्हणतो, "किलोभर तेल द्या." दुकानदार लिटरचे माप डब्यात बुडवतो, भरून काढतो आणि बाटलीत ओततो. पैसे मात्र किलोचे घेतो. दुकानदार लबाड असेलच असे नाही. त्याच्या बापानेही असेच विकले आणि आपल्या आईनेही असेच घेतले. किलो आणि लिटर ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत असा आपल्या गावांतून सर्रास समज आहे. या समजापायी गरिबाच्या घरातून रोज थोडे थोडे काय वाहून जाते, त्याविषयी आज लिहितो. आपल्या पानावर खतांविषयी व रोगांविषयी पुष्कळ येते. मापाविषयी फारसे येत नाही.

हा घोटाळा जुना आहे. आपल्या वाडवडिलांचा 'शेर' वजनाचाही होता आणि मापाचाही. धान्य शेराने मोजत, दूध शेराने घालत आणि गूळही शेरानेच तोलत. ज्या निजामी अमलाने आपल्या हळ्ळीखेडच्या नावामागे 'बी' म्हणजे बुजुर्ग हे शेपूट लावले, त्या अमलात गावोगावचा शेर निराळा असे. पुढे १९५६ साली वजनमापांचा नवा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-लिटर आले. त्याच १९५६ च्या नोव्हेंबरात बिदर जिल्हा हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. राज्य बदलले, वजने बदलली, पण मनातला शेर काही गेला नाही. किलो आणि लिटर ही दोन्ही त्या एकाच शेराच्या जागी बसली.

पाण्याने या समजाला खतपाणी घातले असे म्हणावे लागेल. किलोग्रॅम ठरवला गेला तोच मुळी पाण्यावरून. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या विद्वानांनी लिटरभर पाण्याचे जे वस्तुमान तोच किलो असे धरले. म्हणून पाण्यापुरते लिटर आणि किलो एकच, हे खरे. पण घरातला दुसरा कोणताही द्रव पाण्यासारखा वागत नाही. एकच लिटरचे माप घ्या आणि पाळीपाळीने भरून काट्यावर ठेवा. पाणी हजार ग्रॅम भरेल. दूध हजार तीस ग्रॅमच्या आसपास. करडईचे, भुईमुगाचे किंवा सूर्यफुलाचे तेल नऊशे दहा-वीस ग्रॅम. डिझेल सव्वाआठशे ते साडेआठशे, पेट्रोल साडेसातशेच्या मागेपुढे. उसाचा चांगला पिकलेला रस हजार ऐंशी ग्रॅम, काकवी व मध चौदाशेच्या घरात. माप तेच, जागा तीच, पण कोणाचे कण अधिक भारी, कोणाचे अधिक दाटीने बसलेले. याला शास्त्रात घनता म्हणतात. ठरावीक मापात किती भार मावतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता दुकानातले तेल पाहा. किलोचे पैसे देऊन लिटर घेतले म्हणजे नव्वद ग्रॅम तेल कमी आले. किलोचा भाव १८० रुपये धरला तर १६ रुपये २० पैसे गेले. महिन्याला चार किलो तेल लागणाऱ्या घरातून वर्षाकाठी पावणेआठशे रुपये जातात, आणि गेल्याचे कोणाला कळतही नाही.

पिशवीबंद तेलात असा प्रकार होत नसेल असे वाटेल. तेथेही एक गंमत चालली होती. तेल तापले की फुगते. तेवढ्याच तेलाला अधिक जागा लागते. काही कारखानदार पिशवीवर लिटराचे माप लिहीत आणि शेजारी बारीक अक्षरांत साठ अंश सेल्सिअस तापमान छापत. सोयाबीनचे लिटरभर तेल २१ अंशांवर ९१९.१ ग्रॅम भरते. ६० अंशांवर ते ८९२.६ ग्रॅमच भरते. म्हणजे लिटर खरे, छापील शब्दही खरा, आणि तरीही गिऱ्हाइकाला २६ ग्रॅम तेल कमी! आपल्या स्वयंपाकघरात तेल साठ अंशांवर कोण ठेवतो? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने ऑगस्ट २०२२ मध्ये या गोष्टीवर बोट ठेवले. तापमान न लिहिता माप लिहा आणि त्यासोबत वजनही लिहा, असे सांगून त्यांनी कारखानदारांना १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. म्हणून भगिनींना माझे सांगणे असे की, पिशवी घेताना लिटर पाहू नका, ग्रॅम पाहा. तापमान बदलले तरी वजन फुगत नाही.

संदेष्टा आमोस याच्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात व्यापाऱ्यांवर जो कोरडा ओढला आहे तो मला या संदर्भात नेहमी आठवतो. धान्य मोजायचा एफा ते लहान करीत आणि चांदी तोलायचा शेकेल मोठा करीत, असा त्यांच्यावर आरोप आहे. एफा हे माप आणि शेकेल हे वजन, हे ध्यानात घ्या. फसवणूक नेमकी माप आणि वजन यांच्या सांध्यात होत होती! लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातही देवाने तराजू व वजने यांच्यासोबत एफा आणि हिन ही मापे खरी ठेवायला सांगितली आहेत. त्यांपैकी हिन हे तर तेल-द्राक्षारसाचे, पातळ पदार्थांचे माप. उपासनेचे आणि शेजारधर्माचे नियम ज्या पानावर आहेत त्याच पानावर तेलाचे मापही आहे. ही दुकानदारीची गोष्ट आहे, धर्माचा येथे काय संबंध, असे कोणी विचारले तर मी त्यांना ते पान दाखवीन.

परंतु तेलापेक्षा माझा जीव दुधात अधिक अडकला आहे. आपल्या भागात पाऊस दगा देतो, तुरीवर मर पडते, सोयाबीनचा भाव कोसळतो. त्या वेळी चूल पेटती राहते ती गोठ्यातल्या एका म्हशीवर किंवा गाईवर. आणि ते दूध डेअरीत घेऊन जाते ती बहुधा घरातली बाई. रांगेत सर्वांसमोर तिच्या दुधात काचेची नळी सोडतात आणि, "डिग्री कमी लागली, पाणी आहे," असे म्हणतात. दूध परत येते किंवा भाव कापला जातो. त्याहून वाईट म्हणजे तिचे नाव जाते. चार बायकांत तिला पाणीवाली म्हणू लागतात.

ती नळी म्हणजे लॅक्टोमीटर. ती दुधात जितकी बुडते त्यावरून दुधाची घनता कळते. ३० आकडा दिसला तर लिटरला १०३० ग्रॅम, २८ दिसला तर १०२८. म्हशीचे दूध साधारण ३० ते ३२ दाखवते, गाईचे २८ ते ३०. दहा भागांत एक भाग पाणी असेल तर तिसाचा आकडा सत्तावीसवर येतो. साधन सोपे आहे आणि चांगले आहे. पण ते घनता सांगते, माणसाची नियत सांगत नाही. हा फरक रांगेत उभ्या असलेल्या माणसांनीही समजून घ्यावा म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट उष्णतेची. तेलाप्रमाणे दूधही तापल्यावर फुगते व हलके होते. लॅक्टोमीटर एका ठरावीक तापमानासाठी आखलेला असतो. आपल्या देशातील प्रमाणित नळीवर ते बहुधा २७ अंश असते, काही जुन्या नळ्यांवर १५.५ अंश असते. नळीवर काय लिहिले आहे ते वाचावे. त्या तापमानाहून दूध जितके अंश अधिक ऊन, तितक्या प्रत्येक अंशाला आकडा सुमारे ०.२ ने कमी दिसतो. कासेतून निघणारे दूध अडतीस अंशांच्या आसपास असते. ते सदतीस अंशांवर असतानाच २७ अंशांची नळी सोडली तर आकडा दोनाने खाली येतो. म्हणजे खरे २९ असलेले गाईचे दूध २७ दाखवील, आणि त्या बाईने शेकडा सात पाणी घातले असा हिशेब निघेल. तिने एक थेंबही घातलेला नसतो.

दुसरी गोष्ट फेसाची. नुकत्याच काढलेल्या दुधात हवा अडकलेली असते आणि त्यातली चरबीही अजून पातळ असते. त्यामुळे ताजे दूध काही वेळ हलकेच दिसते. धार काढल्यावर निदान तासभर थांबून मग नळी सोडावी, हा नियम म्हणूनच आहे. ज्याचे घर डेअरीला लागून आहे आणि जो धार काढून धावत येतो तो चोर ठरतो, आणि दोन मैलांवरून सावकाश येणारा साव ठरतो! असे मोजमाप न्यायाचे नव्हे.

तिसरी गोष्ट जनावराची. उन्हाळ्यात कडबा संपलेला असतो, हिरवा चारा नसतो, पेंड परवडत नाही. उपाशी गाईच्या दुधात घन पदार्थच कमी उतरतात. कासदाह, ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात, तो लपून असेल तरी असेच होते. तेव्हा डिग्री सारखी कमी लागत असेल तर तो कदाचित गाईचा निरोप असतो. अशा वेळी बाईला दटावण्याऐवजी सडाची तपासणी करण्यास सांगावे. कासदाह झालेल्या जनावराचे दूध वासरालाही बरे नाही आणि घरातल्या लेकरांनाही बरे नाही.

याउलट खरा लबाड या नळीला सहज चकवतो. साय, म्हणजे स्निग्धांश, हा दुधातला सर्वांत हलका भाग. तो काढून घेतला की उरलेले दूध जड होते, त्याचा आकडा ३५ पर्यंत चढतो. मग अशा सहा लिटर दुधात एक लिटर पाणी ओता. आकडा बरोबर तिसावर येऊन बसतो. दोन चोऱ्या एकमेकींना झाकतात. म्हणून फॅट मोजल्याशिवाय नुसत्या डिग्रीवर कोणाला शाबासकी देऊ नये आणि कोणाला शिक्षाही करू नये. आणखी काही महाभाग पाणी घालून आकडा वर आणण्यासाठी साखर, मीठ, युरिया कालवतात. पिकाला घालायचा युरिया लेकराच्या दुधात घालणाऱ्या माणसाला काय म्हणावे, मला शब्द सुचत नाही. पापनिवेदनाच्या वेळी तो स्वतःच शोधील.

आता लिटर-किलोचा फेरा येथेही आहेच. दहा लिटर दूध म्हणजे दहा किलो तीनशे ग्रॅम. भाव किलोचा ठरलेला असेल आणि दूध लिटरच्या मापाने मोजून त्याचेच किलो धरले, तर रोज तीनशे ग्रॅम, महिन्याला नऊ किलो दूध फुकट गेले. भाव लिटरचा असून दूध काट्यावर घेतले, तर किलोच्या आकड्याला १.०३ ने भागून लिटर काढावे लागतात. तसे न भागल्यास डेअरीचे नुकसान होते. मला न्याय दोघांसाठी हवा आहे. म्हणून डेअरीच्या भिंतीवर एवढेच लिहिलेले असावे: भाव कशाचा, मोजणी कशाने, आणि एकाचे दुसरे कसे केले. ज्या डेअऱ्यांत आता यंत्राने फॅट व घन पदार्थ मोजून पावती निघते तेथेही पावतीवर किलो लिहिले आहे की लिटर, हे वाचण्याची सवय आपल्या शिकलेल्या मुलांनी घरच्यांना लावावी.

ऊसवाल्यांना हे सर्व नवे वाटू नये. बिदर सहकारी साखर कारखाना हळ्ळीखेडलाच उभारला गेला, त्यामुळे 'ब्रिक्स' हा शब्द येथे पोरांच्याही तोंडी आहे. तीही घनतेचीच करामत. रसात साखर जितकी अधिक तितका रस जड, आणि त्यात सोडलेली नळी तितकी वर तरंगते. शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला की ऊस पिकला. बाजरीच्या बियाण्यातला अरगट काढण्याची रीतही हीच आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवले की ते पाणी जड होते. त्यात बी टाकले म्हणजे अरगटाच्या विषारी गाठी व पोचट दाणे वर तरंगतात आणि चांगले बी तळाला बसते. वरचे काढून जाळावे, खालचे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे. हे तरंगलेले कोंबड्यांना टाकू नका. अरगट त्यांनाही बाधतो. ट्रॅक्टरवाल्यांसाठी एकच ओळ: डिझेल हलके, पाणी जड, टाकीत शिरलेले पाणी तळाला बसते, म्हणून फिल्टरखालचा स्क्रू सैल करून ते अधूनमधून काढून टाकावे.

आरोग्याच्या बाजूने मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण येथे हिशेब रुपयांचा नाही.

फवारणीच्या औषधांत पातळ औषध मिलिलिटरमध्ये सांगतात आणि पावडर ग्रॅममध्ये. आपण दोन्ही बाटलीच्या त्याच टोपणाने मोजतो. टोपण वीस मिलिलिटरचे असले तरी त्यात वीस ग्रॅम पावडर मावेलच असे नाही. पावडरीत हवा असते, बहुधा कमीच मावते. मग कीड मरत नाही, आणि पुढच्या वेळी आपण तिप्पट टाकतो. पावडर तोलावी, पातळ औषध मापाने घ्यावे, आणि ते माप घरात कधीही येऊ देऊ नये.

औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात तेल किंवा रॉकेल ठेवण्याची वाईट खोड अजून गेलेली नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन येथील शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. त्या स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले होते. डब्यात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि वजनावरूनही ओळखता येत नाही. तेलांचेही तसेच. भुईमूग, करडई, सरकी, सूर्यफूल या सर्वांची घनता इतकी जवळजवळ आहे की भेसळ त्यात बेमालूम लपते. आपल्या बांधावर उगवणाऱ्या पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्यामुळे १९९८ साली दिल्लीत अंगावर सूज येणाऱ्या रोगाची साथ पसरली आणि साठांहून अधिक माणसे मेली. म्हणजे घनता उपयोगी आहे, पण ती सगळे सांगत नाही. ओळखीच्या घाण्यावरून, आपल्या डोळ्यांदेखत निघालेले तेल घ्यावे. तेथेही काट्यावर घ्यावे.

रॉकेल मुलाने प्यायले तर त्याला उलटी करवू नका. रॉकेल हलके, पातळ आणि पसरट. उलटी होताना ते श्वासनळीत उतरते आणि फुप्फुसे सुजवते. मीठपाणी, दूध, काहीही न पाजता सरळ दवाखाना गाठा. तान्ह्या बाळाच्या तापाच्या औषधाविषयी मातांनी हे लक्षात ठेवावे: पॅरासिटामॉलचे थेंब आणि पॅरासिटामॉलचे पातळ औषध एक नव्हे. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, आणि चमच्याने द्यायच्या औषधात पाच मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. थेंबांची बाटली चमच्याने पाजली तर औषध दुप्पट-चौपट जाते आणि यकृतावर घाला पडतो. बाटलीवरचे मिलिग्रॅम हे वजन आहे आणि मिलिलिटर हे माप आहे. डॉक्टरांनी कोणता आकडा सांगितला ते लिहून घ्यावे. आणि घरातला चमचा वापरू नये, बाटलीसोबत आलेलेच माप वापरावे. आपल्या घरांतून तीन आकारांचे चमचे तर मीच पाहिले आहेत.

माझी सूचना अशी आहे. लॅक्टोमीटर, उष्णतामापक आणि उंच काचपात्र हे फार महाग सामान नाही. ते धर्मग्रामात एक ठेवावे आणि ज्यांच्या दुधाची डिग्री वारंवार कमी लागते त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर येऊन ते आपल्या हाताने मोजून पाहावे. मुलांनी आकडा वाचावा, तापमान वाचावे आणि वहीत लिहावे. चार रविवारांची नोंद हातात असली की डेअरीत भांडण न करता बोलता येते, आणि दोष गाईत असेल तर तोही कळतो. दूध त्याच सकाळचे असावे, धार काढून तासभर झालेला असावा. मोजण्यापूर्वी ते हलक्या हाताने ढवळावे, फेस येईल असे घुसळू नये. नळी पात्राच्या काठाला टेकू देऊ नये, आणि ती स्थिर झाल्यावरच आकडा वाचावा.